पडद्याला भोक असलेल्या बाळाचं ऑपरेशन जन्मल्याबरोबर का करत नाहीत?

आधी तुमचा प्रश्न मांडून घेऊ, म्हणजे मागून वाचणाऱ्यालाही कळेल. पत्नीला एकविसावा आठवडा चालू आहे. अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये बाळाच्या छाती-पोटामधल्या पडद्याला डावीकडे भोक निघालं. जठर आणि आतडी छातीत चढलेली आहेत, हृदय उजवीकडे सरकलंय, लिव्हर मात्र पोटातच आहे. रिपोर्टवर ओ/ई एलएचआर (फुप्फुस किती वाढलंय याचं माप, पुढे सांगतो) ४१ टक्के लिहिलंय. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘बाळंतपण मोठ्या शहरात करा’ असं सांगितलं. घरच्यांचं म्हणणं, बाळंतपण इथंच करू, बाळ झालं की अ‍ॅम्ब्युलन्सने नेऊ आणि त्याच दिवशी ऑपरेशन उरकून घेऊ. तुम्ही शहरातल्या बालशल्यचिकित्सकांना फोन केला तर ते म्हणाले, ‘ऑपरेशनची घाई नसते, दोन-चार दिवसांनी बघू.’ मग घाईच नाही तर एवढ्या लांब बाळंतपणाला जायचं कशाला, असं तुम्ही विचारताय.

शंका रास्त आहे. खरोखरच ऑपरेशनला घाई नसते. घाई असते ती जन्मानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांना, आणि त्या दहा मिनिटांत सर्जनचं काही काम नसतं.

हे पटायला आजार नेमका कुठे आहे ते समजून घ्यावं लागेल. गर्भाच्या आठव्या ते दहाव्या आठवड्यात छाती आणि पोट यांच्यामधला पडदा पूर्ण होतो. मागच्या-बाजूच्या कोपऱ्यात तो जुळला नाही की तिथं फट राहते. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी बाळांत ती डावीकडे असते. पोटातले अवयव त्या फटीतून वर जातात आणि फुप्फुसाची जागा अडवतात. पण हे ढकलणं एवढाच प्रकार नाही. फुप्फुसाच्या श्वासनलिकांना फांद्या फुटायच्या काळातच हे घडत असल्यामुळे फांद्या कमी फुटतात, सोबतच्या रक्तवाहिन्याही कमी तयार होतात आणि ज्या होतात त्यांच्या भिंती जाड, आवळलेल्या राहतात. डाव्या फुप्फुसाला फटका जास्त बसतो, पण उजवंही सुटत नाही. जन्मानंतर पहिल्या श्वासाबरोबर या रक्तवाहिन्या सैल व्हायला हव्यात, त्या होत नाहीत. रक्त फुप्फुसात न जाता आडवाटेने शरीराकडे वळतं आणि बाळ निळं पडतं. म्हणजे भोक दिसतं पडद्याला, पण बाळाचा जीव धोक्यात असतो तो फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमुळे. भोक शिवलं म्हणून त्या रक्तवाहिन्या त्या दिवशी सुधारत नाहीत.

ही समज यायला वेळ लागला. १९४६ मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी जन्मून २४ तासही न झालेल्या बाळाचं यशस्वी ऑपरेशन प्रसिद्ध केलं, आणि पुढची कित्येक दशकं ही धावपळीचीच शस्त्रक्रिया राहिली. जन्मलं की टेबलावर. १९८७ मध्ये टोरांटोत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फुप्फुसाचा लवचिकपणा मोजला गेला, तेव्हा बऱ्याच बाळांत तो शिवल्यानंतर कमी झालेला दिसला. त्यानंतर हळूहळू सगळीकडे ‘आधी बाळ स्थिर, मग टाके’ हा क्रम रुळला. घरातल्या मोठ्यांना ‘लगेच ऑपरेशन’ असं वाटतं त्यात त्यांची चूक नाही. एके काळी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं.

आता तुमचा रिपोर्ट. ओ/ई एलएचआर म्हणजे काय, तर हृदयाचे चारही कप्पे दिसतील अशा आडव्या चित्रात भोकाच्या विरुद्ध बाजूच्या, तुमच्या बाबतीत उजव्या, फुप्फुसाचं क्षेत्रफळ मोजायचं, डोक्याच्या घेराने भागायचं, आणि तेवढ्याच आठवड्यांच्या निरोगी बाळात ते जेवढं असतं त्याच्या किती टक्के भरतं ते काढायचं. डाव्या भोकासाठी २५ च्या खाली गंभीर, २५ ते ३५ मध्यम, आणि ३५ ते ४५ मध्ये लिव्हर खाली असेल तर सौम्य, अशी ढोबळ विभागणी आहे. तुमचं ४१ आणि लिव्हर पोटात, म्हणजे सौम्य गटात. पण एका सोनोग्राफीच्या आकड्यावर सगळी भिस्त ठेवू नका. फुप्फुसाच्या कडेने रेघ फिरवून क्षेत्रफळ काढलं तर एक उत्तर येतं, सर्वांत लांब दोन व्यास गुणून काढलं तर त्याच बाळाचं दुसरं, सहसा जास्त. काही रिपोर्टांत ‘ओ/ई’ नसतंच, नुसतं एलएचआर १.४ असं लिहिलेलं असतं. तो आकडा आठवड्यागणिक आपोआप वाढतो, त्यामुळे त्यावरून आशा किंवा धास्ती दोन्ही घेऊ नये. फीटल मेडिसिनच्या (गर्भातल्या बाळाच्या आजारांच्या) डॉक्टरांकडून पुन्हा मोजून घ्या, आणि ३० ते ३२ आठवड्यांच्या सुमारास परत एकदा.

आकड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, एका गोष्टीवर अवलंबून असतं: बाळाला फक्त हेच आहे की आणखी काही? हृदयाचा दोष सोबत असेल किंवा गुणसूत्रांचा आजार असेल तर हिशेब पूर्ण बदलतो. म्हणून गर्भाची टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि गर्भजलाची तपासणी, त्यात मायक्रोअ‍ॅरेसुद्धा (गुणसूत्रांतले बारीक कमी-जास्त भाग शोधणारी चाचणी), या दोन्ही सुचवल्या जातात. गर्भजल काढण्याला घरून विरोध होतो, ते समजू शकतो. पण त्या उत्तराशिवाय कुणी तुम्हाला ‘सगळं ठीक होईल’ म्हणत असेल तर तो अंदाजाने बोलतोय. या तपासण्या आता, २१ व्या आठवड्यातच करा. मोठा दोष सापडला आणि गर्भधारणा पुढे न्यायची नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलं, तर २०२१ च्या कायदादुरुस्तीनुसार २४ आठवड्यांपर्यंतचा मार्ग सोपा आहे. त्यापुढे गर्भातल्या मोठ्या व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. हा सल्ला नाही, फक्त तारखेचं गणित सांगतोय. तुमच्या रिपोर्टवरून तरी त्या दिशेने विचार करण्याचं कारण दिसत नाही.

‘पोटात असतानाच फुगा घालतात’ असं तुम्ही वाचलंय. ते खरं आहे. गर्भाच्या श्वासनलिकेत दुर्बिणीने फुगा बसवतात, त्यामुळे फुप्फुसातला द्राव आत साठून फुप्फुस ताणलं जातं, आणि साधारण ३४ व्या आठवड्यात तो काढतात. २०२१ मध्ये याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. गंभीर गटात फुगा घातलेल्यांपैकी ४० टक्के बाळं वाचली, न घातलेल्यांपैकी १५ टक्के. मध्यम गटातला फरक, ६३ आणि ५०, ठाम म्हणण्याइतका निघाला नाही. आणि किंमत अशी की गंभीर गटात फुगा घातलेल्या जवळजवळ निम्म्या बायकांचं पाणी वेळेआधी गेलं. सौम्य गटासाठी हा उपचार नाहीच. त्यासाठी धावाधाव करू नका.

मग शहरात जायचं कशासाठी, तर यासाठी. कुठलंही बाळ जन्मून रडलं नाही की हाताशी येते ती अंबू बॅग (हाताने दाबून हवा देण्याची पिशवी) आणि मास्क. दुसऱ्या बाळांना ती तारते. या बाळाला ती बुडवते. मास्कने दिलेली हवा श्वासनलिकेत जाते तशीच अन्ननलिकेतूनही जाते, आणि इथे जठर-आतडी छातीतच आहेत. ती फुगतात, आधीच लहान असलेलं फुप्फुस आणखी दाबतात, हृदयाला पलीकडे रेटतात. बाळ आणखी निळं होतं, म्हणून बॅग आणखी जोरात दाबली जाते. या चक्रातून बाळाला बाहेर काढणं फार अवघड. म्हणून आधी माहीत असेल तर मास्क लावतच नाहीत, सरळ श्वासनलिकेत नळी टाकतात. तीन किलोच्या बाळाला साधारण साडेतीन नंबरची, ओठाशी नऊ सेंटिमीटरवर. लागलीच तोंडातून किंवा नाकातून जठरात ८ किंवा १० नंबरची नळी, आणि ती सक्शनला जोडून सतत रिकामी ठेवायची. बारीक ५-६ नंबरची नळी उपयोगाची नाही, चिकट स्राव आला की ती चोंदते आणि आपल्याला वाटतं पोट रिकामं आहे.

पुढचं सगळं सौम्य हाताने. व्हेंटिलेटरचा दाब २५ च्या वर नेत नाहीत, पीप (श्वास सोडल्यावरही उरणारा दाब) ३ ते ५, मिनिटाला ४० ते ६० श्वास. फुप्फुस लहान आहे, जास्त दाब दिला की फुटतं. आणि बहुतेक वेळा चांगल्या बाजूचं फुटतं, ज्यावर बाळ जगत असतं. ऑक्सिमीटर उजव्या हाताला लावायचा, शिवाय एक पायाला. उजव्या हाताचा आकडा मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा असतो. पायाचा आकडा त्याहून बराच खाली असेल तर रक्त आडवाटेने चाललंय असं समजायचं. पहिल्या दोन तासांत हाताचा आकडा ७० असला तरी तो चढता असेल तर थांबतात, नंतर ८५ ते ९५ पुरतो. कार्बन डायऑक्साइड ५० ते ७० चालवून घेतात, पीएच ७.२ च्या वर राहत असेल तर. नातेवाईक काचेतून मॉनिटर बघतात आणि ‘९८ का नाही?’ विचारतात. ९८ करता येतं, दाब आणि ऑक्सिजन वाढवून, पण त्याची किंमत फुप्फुस देतं.

आता ही सगळी तयारी हलत्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, पाच-सहा तासांच्या रस्त्यावर करायची कल्पना करा. नळी जरा सरकली, सक्शन बंद पडलं, बाळ गार झालं, यातलं एकही पुरे. आईचं पोट हे या बाळासाठी सर्वांत चांगलं ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर. प्रसूतिगृह आणि नवजात शिशू विभाग एकाच छताखाली किंवा एकाच आवारात असतील असं ठिकाण निवडा. मुंबईत परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय एकाच आवारात आहेत, तशी रचना डोळ्यासमोर ठेवा. ठिकाण ठरवण्याआधी चार गोष्टी विचारा: हाय फ्रीक्वेन्सी (बारीक, खूप वेगवान श्वास देणारा) व्हेंटिलेटर आहे का, नायट्रिक ऑक्साइड (फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करणारा वायू) आहे का, रात्री-अपरात्री बाळाची इको कोण करतं, आणि बालशल्यचिकित्सक व बाळांना भूल देणारे डॉक्टर तिथलेच आहेत की बोलावून येतात.

सिझरच करायला हवं असं मात्र नाही. पडद्याच्या भोकासाठी म्हणून सिझर लागत नाही, नैसर्गिक बाळंतपण चालतं. फक्त ते दिवसाउजेडी, टीम जागेवर असताना व्हावं म्हणून साधारण ३९ व्या आठवड्यात कळा सुरू करून घेण्याकडे कल असतो. लवकर काढून फायदा नाही, या फुप्फुसाला पोटातला एकेक आठवडा हवा असतो.

ऑपरेशनआधीच्या ‘थांबण्याच्या’ दिवसांत बाहेरून काहीच घडत नाही असं वाटतं, पण आत सर्वांत जास्त काम तेव्हाच चालू असतं. पहिल्या दिवशी पाणी मोजून, किलोला ४० मिली. रक्तदाब वयाप्रमाणे ठीक असेल तर तो उगाच औषधांनी चढवायचा नाही. आणि इको. ती फक्त ‘फुप्फुसात प्रेशर किती’ एवढ्यासाठी नाही, हृदयाचा डावा कप्पा कसा चाललाय ते बघण्यासाठी. इथे एक चूक सहज होते. फुप्फुसात प्रेशर आहे म्हटलं की नायट्रिक ऑक्साइड २० पीपीएमने सुरू करतात. डावा कप्पा धडधाकट असेल तर ठीक. तोच थकलेला असेल तर फुप्फुसातून जादा आलेलं रक्त त्याला पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसात पाणी साचतं आणि बाळ बिघडतं. अशा वेळी आधी मिलरिनोन (हृदयाला बळ देणारं औषध), किंवा आडवाट उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन, असा विचार करावा लागतो. १९९७ च्या चाचणीत नायट्रिक ऑक्साइडने या आजारात मृत्यू किंवा एक्मोची (शरीराबाहेरच्या फुप्फुसाची) गरज कमी झाली नव्हती. तरी ते वापरलं जातं, कारण काही बाळांना उपयोग होतो. उपयोग नाही दिसला तर बंद करायचं, महाग सिलिंडर चालू ठेवून समाधान मानायचं नाही.

डॉक्टर ‘ओआय’ म्हणतील (ऑक्सिजन किती कष्टाने मिळतोय याचं माप), तो आकडा घरीही काढता येतो: व्हेंटिलेटरचा सरासरी दाब गुणिले ऑक्सिजनची टक्केवारी, भागिले रक्तातला ऑक्सिजन. दाब १४, ऑक्सिजन ६० टक्के, रक्तातला ऑक्सिजन ६०, तर ओआय १४. हा ठीक म्हणावा असा. तो ४० च्या वर जाऊन काही तास तिथेच राहिला तर एक्मोचा विषय निघतो. नवजात बाळासाठी ती सोय आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी आहे आणि खर्च प्रचंड. सौम्य गटात ती वेळ सहसा येत नाही.

टेबलावर कधी घेतात? रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ५० टक्क्यांच्या आत ठेवून उजव्या हाताचा आकडा ८५ ते ९५, लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) ३ च्या खाली, लघवी किलोला तासाला १ मिलीपेक्षा जास्त. हे जमलं की. कुणाचं दुसऱ्या दिवशी जमतं, कुणाचं दहाव्या. म्हणून सर्जनने तारीख दिली नाही तर तो टाळतोय असं समजू नका.

ऑपरेशन स्वतः तसं सरळ. डाव्या बरगड्यांच्या कडेखाली आडवा छेद घेऊन आतडी एकेक करून हलक्या हाताने खाली ओढतात, जठर येतं, प्लीहा सर्वांत शेवटी. ती घाईत ओढली तर फाटते. मग भोकाच्या कडा शोधायच्या. पुढची कड समोर दिसते. मागची बहुतेक वेळा किडनीजवळ गुंडाळून बसलेली असते, तिच्यावरचं पातळ आवरण कापून ती उलगडावी लागते. ती न उलगडता ‘कडच नाही’ म्हणून पॅच लावला जातो, असंही होतं. कडा ताण न पडता जुळल्या तर न विरघळणाऱ्या २-० किंवा ३-० टाक्यांनी शिवतात. नाही जुळल्या तर गोरटेक्सचा (कृत्रिम कापडाचा) पॅच, आणि तो ताणून सपाट न लावता घुमटासारखा सैल लावायचा, कारण बाळ वाढणार, पॅच वाढणार नाही. काही बाळांत पोट इतकं लहान असतं की आतडी खाली आल्यावर पोट बंद होत नाही. दाबून बंद केलं तर लघवी बंद पडते आणि पडदा वर ढकलला जातो, त्यापेक्षा काही दिवस फक्त कातडी शिवून ठेवलेली बरी. दुर्बिणीतून करणं निवडक स्थिर बाळांत शक्य आहे, पण भोक परत उघडण्याचं प्रमाण त्यात जास्त दिसतं.

ऑपरेशननंतरचा एक्सरे बघून घरचे घाबरतात: डावी बाजू काळी, रिकामी. तिथं हवाच आहे, फुप्फुस मूठभरही नाही. ती पोकळी काही दिवसांत पाण्याने भरते आणि फुप्फुस सावकाश, महिन्यांनी वाढतं. ते ‘फुगवायला’ छातीत नळी टाकून ओढायचं नसतं. पाणी फार साठून हृदय सरकू लागलं तरच नळी. ते पाणी दूध सुरू केल्यावर दुधाळ झालं तर लसिकेची गळती समजायची.

घरी आल्यावर सर्वांत जास्त दमवतं ते दूध पाजणं. या बाळांना उलट्या आणि आंबट ढेकरा भरपूर, चोखायचा कंटाळा, वजन वाढत नाही. काहींना नाकातल्या नळीने आईचं दूध महिनोन्महिने द्यावं लागतं. कान जन्मानंतर एकदा तपासून पास झाले तरी सहा महिन्यांनी आणि पुढेही तपासा, बहिरेपणा नंतरही येऊ शकतो. हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, आतड्याला पीळ किंवा चिकटणं असू शकतं. पॅच असेल तर दर भेटीला एक्सरे.

हे वाचणाऱ्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसाठी थोडं, कारण कित्येक बाळं आधी निदान न होता जन्मतात. उजव्या बाजूचं भोक तर सोनोग्राफीत हमखास निसटतं, लिव्हर फुप्फुसासारखंच दिसतं. बाळ धापा टाकतंय, पोट खपाटीला गेलंय, छाती मात्र फुगलेली, हृदयाचे ठोके उजवीकडे: मास्क बाजूला ठेवा. पोटात नळी टाका आणि मगच एक्सरे काढा. नळीचं टोक छातीत वळलेलं दिसलं की निदान झालं. नळी न टाकता काढलेल्या एक्सरेत फुगलेलं जठर हुबेहूब न्यूमोथोरॅक्ससारखं (फुप्फुसाबाहेर हवा साठल्यासारखं) दिसतं, आणि मग आयसीडी (छातीतली हवा काढायची नळी) थेट जठरात जाते.

तुमच्याकडे परत येतो. ३६ वा आठवडा लागला की शहरात मुक्काम हलवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आत्ताच विचारा, बाळ व्हेंटिलेटरवर असताना कागद गोळा करायला लागू नयेत. आणि कळा आधीच सुरू झाल्या, वाटेत कुठे उतरावं लागलं, तर त्यासाठी पत्नीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: ‘बाळाच्या पडद्याला डावीकडे भोक आहे. मास्कने हवा देऊ नये. रडलं नाही किंवा निळं पडलं तर थेट श्वासनलिकेत नळी. जठरात १० नंबरची नळी, उघडी.’ खाली ज्या रुग्णालयात नाव घातलंय तिथल्या नवजात विभागाचा नंबर.